चौथा गिअर सुटायचा: १९९८ च्या पिकअपमध्ये टर्बो इंजिन बसवल्याचं प्रकरण

इंजिन बदलून गाडी दिली त्याला अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोवर गाडीचे मालक आबा दारात. खाली न उतरताच त्यांनी मला केबिनमध्ये बघायला लावलं. गिअरच्या दांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली आणि तिचं दुसरं टोक सीटखालच्या अँगलला अडकवलेलं.

"चौथा टाकला की ही वढून अडकवायची," आबा म्हणाले. "न्हाईतर रेस सोडली की भसकन सुटतुय."

लाखाच्या घरातलं काम, सहा आठवडे गाडी माझ्या ताब्यात, आणि शेवटी ट्यूबने बांधलेला गिअर. माझं गॅरेज कराडजवळ आहे आणि या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत इंजिनं बरीच चढवली-उतरवली, पण या एका गाडीने मला जे शिकवलं ते आधीच्या कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून सगळं मांडतोय, माझ्या चुकीसकट.

गाडी आणि तिचं काम

महिंद्राची १९९८ सालची पिकअप, पासिंग एमएच-११. तेव्हा कराडला वेगळा एमएच-५० नव्हता. आत २५२३ सीसीचं साधं डीआय डिझेल इंजिन, म्हणजे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं, आणि चार गिअरचा बॉक्स. आबांचा भाजीपाल्याचा व्यापार. रात्री अकराला कराडहून भरायचं आणि मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून पहाटे चिपळूणला पोचायचं. येताना नारळ. म्हणजे भाजीचं वजन घाट उतरतं आणि नारळाचं वजन घाट चढतं. कुठलं वजन कुठल्या दिशेला आहे हे आधी विचारावं लागतं, कारण इंजिनाचं दुखणं चढाला कळतं आणि ब्रेकचं उताराला.

गाडी आली तेव्हा बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटणं, एवढं मारत होती की ऑइलचं झाकण उघडलं की धुराचा भपका तोंडावर यायचा. एका फेरीला लिटरभर ऑइल पीत होती. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर येताना दुसऱ्या गिअरमध्येही तापायची, आणि आबा मधे एकदा थांबून बोनेट उघडून चहा पिऊन घ्यायचे. "गाडी बी दम खाती, मी बी खातो," असं त्यांचं म्हणणं.

इंजिन खोललं. क्रँक आधीच चाळीस थाउंवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आलेली, त्यापुढे घासायची सोय नाही. क्रँक बदलूया म्हणावं तर ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटेशेजारी केसाएवढी चीर सापडली. रॉकेल लावून पुसलं आणि खडूची पूड टाकली, तशी ती ओल्या रेषेने उमटली. गॅरेजमधल्या पोऱ्याला वाटलं ओरखडा आहे. नखाला लागत नव्हती, पण होती. तिथे ओव्हरहॉलचा विषय संपला.

कोणतं इंजिन

आबांच्या थोरल्या पोराने आधीच ठरवून टाकलं होतं: कॉमन रेल टाकायचं, म्हणजे कंप्युटरच्या हुकमावर डिझेल मारणारं नव्या पद्धतीचं इंजिन. "काका, नव्या गाडीसारखी पळंल." त्याने मोबाइलवर एक इंजिन दाखवलं, वायरिंग आणि ईसीएमसकट, म्हणजे त्या कंप्युटरसकट, विकायला होतं.

मी त्याला आधी आकडा सांगितला. बोलेरोतलं २५२३ सीसीचं कॉमन रेल इंजिन ६३ अश्वशक्तीच्या आसपासचं आहे. पोराचा चेहरा उतरला. त्याला शंभरी अपेक्षित होती. पण त्या इंजिनाची गंमत अश्वशक्तीत नाहीच. १९५ न्यूटन-मीटरचा जोर १४०० आरपीएमपासून हाताशी मिळतो, ही खरी गंमत. चढाला तेच हवं असतं. तेव्हा इंजिन म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. आवाज कमी, धूर कमी, डिझेलही कमी.

अडचण भोवतालच्या गाडीची होती. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या असतात. ते डिझेल येणार कुठून, तर पंचवीस वर्षं जुन्या टाकीतून. टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली तर तळाला लाल गाळ. टाकी बदलता येते, फिल्टर वाढवता येतो. पण पुढे क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेलचा प्रेशर सेन्सर, वायरीवर चालणारा रेसचा पेडल, ईसीएमची अर्थिंग, हे सगळं अशा गाडीत बसवायचं की जिच्या मूळ वायरिंगमध्ये हेडलाइट आणि हॉर्नपलीकडे फारसं काही नाही. बसवणं अवघड नाही. पण रात्री दोनला हेळवाकच्या पुढे एक कनेक्टर ओला झाला आणि इंजिन लिंप मोडला गेलं, म्हणजे स्वतःहून ताकद कमी करून रांगायला लागलं, तर तिथे स्कॅनर घेऊन कोण येणार? मेकॅनिकल पंपाचं इंजिन आबा स्वतः एअर काढून चालू करतात. मी त्यांना ते रस्त्याच्या कडेला करताना पाहिलंय, तोंडात सुपारी तशीच.

म्हणून मधला मार्ग ठरला: २००६ च्या सुमाराचं, त्याच २५२३ सीसीचं डीआय टर्बो. कॉमन रेल नाही, ईसीएम नाही, साधा मेकॅनिकल पंप आणि वर टर्बो.

हा २५२३ आकडा आला कुठून, असं कुणी विचारलं की मला सांगायला आवडतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६, म्हणजे सरळ साडेतीन इंच बाय चार इंच. मिलिमीटरमध्ये विचित्र दिसणारं माप इंचात गोल निघतं. हे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांचं माप, आणि त्याच कंपनीच्या साथीने महिंद्रा १९६३ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. घाटात नारळ ओढणारं हे इंजिन मुळात नांगराच्या खानदानातलं आहे. आपल्या भागाला ते परकं वाटायचं कारण नाही. लोखंडी नांगरावर मोठं झालेलं किर्लोस्करांचं गाव, किर्लोस्करवाडी, १९१० सालापासून इथून जवळच आहे.

कागद आधी

इथे मी हट्ट धरला आणि आबा थोडे रुसले. त्यांचं म्हणणं, इंजिन आणा, बसवा, नंबर नंतर बघू. मी म्हटलं, कागद झाल्याशिवाय नव्या इंजिनाचा बोल्टसुद्धा आवळणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदल मंजुरीने केला तरी तो १४ दिवसांत कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. चढवला नाही तर पुढच्या फिटनेसला अडकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबरच बघते.

तेव्हा इंजिन निवडताना कागदानेही आमचा हात धरला. तोच निर्माता, तेच इंधन, तेवढेच सिलिंडर, तेवढेच सीसी. यातलं काहीही बदललं असतं तर अर्ज टिकला असता असं मला वाटत नाही. अर्जासोबत इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद जोडला. पुण्याच्या भंगारवाल्याकडे तीन इंजिनं बघितली. त्यातलं सगळ्यात चांगलं इंजिन सोडून दिलं, कारण त्याचा कागद नव्हता. "कागद काय करताय, चालवून बघा की," असं तो म्हणाला. चालवून बघितलं होतं, झकास चालत होतं. तरी सोडलं. नंबर घासलेला किंवा कागद नसलेला माल घरात घेतला तर पुढे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आपण चढायच्या.

जे घेतलं ते ४५,००० ला टर्बोसकट मिळालं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं, टर्बोच्या शाफ्टला आडवा ढिलेपणा नाही, खालचं ऑइलचं चेंबर काढून बघितलं तर बेअरिंगवर तांबूस रंग आलेला नाही. ब्लॉकच्या पाठीमागच्या तोंडाकडे, जिथे बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच, बसतं तिथे, मी नुसती नजर टाकली. छिद्रं तीच, पॅटर्न तोच. पुढची सगळी गोष्ट त्या नजरेमुळे झाली.

बसवणं

पहिला नियम असा केला की गिअरबॉक्स जागचा हलवायचा नाही. तो क्रॉसमेंबरवर आहे तिथेच राहील, इंजिन त्याच्याकडे आणायचं. कारण गिअरबॉक्स इंचभर जरी पुढे-मागे गेला तरी प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, त्याचा कोन बदलतो, क्रॉस खराब होतात, गिअरची दांडी पत्र्याला घासते आणि स्पीडोमीटरची केबल आखूड पडते. एक हलवलं की सात हलतात.

इंजिनाचे पुढचे फाउंडेशन ब्रॅकेट नवीन बनवले. चेसिसला वेल्डिंग केलं नाही, बोल्टने घेतलं, आणि तेही उभ्या बाजूत. वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडलं की चेसिस तिथूनच चिरते.

क्लचला दोन दिवस गेले. नव्या इंजिनाचा फ्लायव्हील मोठ्या क्लचचा, पण जुन्या बॉक्सच्या शाफ्टचे दाते आणि नव्या प्लेटच्या हबचे दाते जमेनात. मोठ्या व्यासाची आणि जुन्या दात्यांची प्लेट शोधून आणली. क्रँकच्या टोकातलं भोक जुन्या शाफ्टच्या नाकापेक्षा मोठं, त्यामुळे ते नाक ज्यात टेकून फिरतं तो गनमेटलचा पायलट बुश लेथवर करून घेतला आणि रात्रभर गरम ऑइलमध्ये ठेवून मग ठोकला.

टर्बोला ऑइल नेणारी नळी बारीक असली तरी चालते, तिथे दाब असतो. परत आणणारी नळी मात्र जाड आणि सरळ खाली उतरणारी लागते, कारण तिथून ऑइल फक्त आपल्या वजनाने येतं. मधे जरा पोट आलं की ऑइल तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं. मग लोक म्हणतात टर्बो गेला. आमच्या गाडीत फाउंडेशनचा ब्रॅकेट नेमका त्या वाटेत आला. ब्रॅकेट कापला, नळी वाकवली नाही.

रेडिएटर मोठा घातला. सायलेन्सरचा पुढचा पाइप रुंद केला. ब्रेकचा व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या पाठीवरच्या पंपातून येतो, तो होज नवीन घेतला. आणि चारही चाकांचे लायनर बदलले, यावर पोराशी पुन्हा वाद झाला. तो म्हणे इंजिन बदलताय तर ब्रेकचा काय संबंध. संबंध हा की इंजिन २००६ चं झालं पण ब्रेक १९९८ चे राहिले, आणि भाजी भरून घाट उतरताना टर्बो काही कामाचा नाही. आरसीवरचं वजनही वाढलेलं नाही. हे मी आबांना पोरासमोर सांगितलं, मुद्दाम.

वेगाचंही गणित करून दाखवलं. टायरवर खडूची खूण केली, गाडी एक पूर्ण फेरा ढकलली आणि फरशीवरचं अंतर मोजलं: २.२८ मीटर. मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या चक्रांच्या जोडीचे दाते ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५ चं प्रमाण. चौथा गिअर थेट, एकास एक. त्यावरून २००० आरपीएमला ताशी ५६ किलोमीटर आणि ३२०० ला नव्वदच्या जवळ. इंजिन कोणतंही टाका, हा आकडा बदलत नाही, कारण तो इंजिनाचा नाहीच. टर्बोने एवढंच होणार की जिथे दुसरा लागत होता तिथे तिसरा ओढेल. पोराने मोबाइलवर स्वतः गुणाकार करून बघितला आणि गप्प बसला.

क्लच, रेडिएटर, पाइप, ब्रेक आणि मजुरी धरून बिल ९०,००० झालं. तपासणी झाली, इंजिन नंबरची पेन्सिलने प्रिंट घेतली. पहिल्या फेरीला आबांनी घाटमाथ्यावरून फोन केला: "मिस्त्री, तिसऱ्यावर वर आलोय. चहा पेलो न्हाई."

मी तीन दिवस हवेत होतो.

चौथा गिअर

मग सुरू झालं. आधी क्लच सोडताना गाडी थरथरायची. नवीन प्लेट आहे, बसेल, म्हटलं. मग क्लच दाबला की घंटीसारखा बारीक आवाज. क्लच बेअरिंग असेल म्हटलं. आणि मग चौथा सुटायला लागला. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. फक्त चौथा, आणि तोही रेस सोडल्यावर.

गिअर सुटतो म्हटल्यावर माझा हात गिअरबॉक्सकडेच गेला. वीस वर्षांची सवय. आबांना सांगितलं, बॉक्स जुना आहे, टर्बोचा जोर सोसत नसेल. बॉक्स उतरवला, खोलला, सिलेक्टरचे स्प्रिंग आणि गोळ्या बदलल्या, काटे तपासले, चौथ्याच्या स्लीव्हचे दाते भिंगाखाली बघितले. कडा जरा गोल झालेल्या, पण एवढ्या वर्षांच्या मानाने ठीक. सगळं पुन्हा बसवलं. चार दिवस गेले. आबांनी गाडी नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणली. ट्यूब पुन्हा जागेवर.

त्या दुपारी मी जेवलो नाही. बॉक्सचं झाकण समोर ठेवून बसलो आणि स्वतःला विचारलं, चौथाच का? बाकीच्या तीन गिअरमध्ये ताकद इनपुट शाफ्टवरून खालच्या लेशाफ्टवर जाते आणि तिथून चक्रामार्गे वर येते. चौथ्यात तसं होत नाही. चौथ्यात इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एका स्लीव्हने थेट जोडले जातात, नाकासमोर नाक. म्हणजे हे दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर त्याचा त्रास सगळ्यात जास्त चौथ्यालाच होणार. प्रत्येक फेऱ्याला स्लीव्ह थोडी थोडी सरकत राहणार, आणि रेस सोडून दात्यांवरचा ताण उतरला की निसटणार. थरथर, घंटीचा आवाज आणि चौथा, तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत होत्या. ते ठिकाण बॉक्समध्ये नव्हतं. बॉक्स आणि इंजिनाच्या मधे होतं.

पुन्हा सगळं उतरवलं. पायलट बुश बाहेर काढला तर त्याचं भोक अंडाकृती झालेलं. गनमेटलची सोनेरी भुकटी शाफ्टच्या नाकावर, बोट फिरवलं तर बोटाला चमक. बावीस वर्षांत मी बुश झिजलेले पुष्कळ बघितले, पण दोन आठवड्यांत इतका झिजलेला बघितला नव्हता.

शेजारच्या वर्कशॉपमधून डायल गेज, म्हणजे केसाएवढा फरक काट्यावर दाखवणारं मापक, आणला. त्याचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर बसवला आणि काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाला लावला, जिथे गिअरबॉक्सचं पुढचं तोंड बसतं. मग पोऱ्याला क्रँक हाताने सावकाश फिरवायला सांगितली. काटा एका बाजूला गेला, थांबला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. एकूण फरक २४ थाउ. एकूण फरकाचा निम्मा म्हणजे सेंटरमधलं अंतर. बेल हाउसिंगचा मध्य क्रँकच्या मध्यापासून १२ थाउ, म्हणजे ०.३ मिलिमीटर बाजूला होता. वहीच्या तीन कागदांएवढं. एकूण रीडिंग दहा थाउच्या आत हवं असं मी स्वतः पोरांना शिकवतो. आणि या गाडीला गेज लावलाच नव्हता, कारण बोल्ट हाताने फिरले. इतके सहज गेले की वाटलं, घराणं एकच आहे, जमलंच.

बोल्ट सेंटर धरत नाहीत. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा मोठं असतं, असावंच लागतं. सेंटर धरतात दोन डॉवेल, ब्लॉकच्या पाठीवरच्या दोन बारीक पिना. या इंजिनाला एक डॉवेल नव्हताच, आणि दुसऱ्याचं भोक लांबट झालेलं. भंगारात इंजिन आणि बॉक्स वेगळे करताना कुणीतरी पहार घालून उचकटलं असणार. मी इंजिन घेताना टर्बोचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवून बघितला, बेअरिंगचा रंग बघितला, आणि पंधरा रुपयांच्या दोन पिना आहेत का ते बघितलं नाही.

ओगलेवाडीच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गेजचे आकडे बघितले, चष्मा कपाळावर घेतला आणि एवढंच विचारलं, "डॉवेल न्हवतं, आन् तू बोल्ट आवळलंस?" त्याला उत्तर नव्हतं.

उपाय असा केला. बेल हाउसिंग ब्लॉकला नुसतं हातघट्ट लावलं. गेज तिथेच ठेवून प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत ठोकत, दर ठोक्याला क्रँक फिरवून, सेंटर आणलं. अडीच तास लागले. काटा पाच थाउंच्या आत आला तेव्हा बोल्ट आवळले आणि पुन्हा फिरवून बघितलं, कारण आवळताना ते थोडं सरकतंच. सरकलं होतं. पुन्हा सोडलं, पुन्हा ठोकलं. शेवटी सहा थाउंवर स्थिर झालं. मग ब्लॉक आणि हाउसिंग जोडलेलं असतानाच दोन्हींतून एकदम रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) चालवून डॉवेलची भोकं किंचित मोठी आणि गोल केली, आणि मामांनी त्या मापाच्या पिना करून दिल्या. आता उद्या कुणी क्लच बदलायला बॉक्स उतरवला तरी तो परत त्याच जागी बसेल. नवीन पायलट बुश घातला. चौथ्याची स्लीव्हही बदलली, कारण तिच्या कडा या दोन आठवड्यांत माझ्यामुळे आणखी गोल झाल्या होत्या. हा खर्च मी आबांना लावला नाही, आणि आबांनीही विचारलं नाही.

त्यानंतर

चौथा सुटलेला नाही. क्लचची थरथर पहिल्याच दिवशी गेली, घंटीचा आवाजही. सहा फेऱ्यांचं डिझेल टाकी फुल करून मोजलं: आधी लिटरला साडेआठ मिळत होते, आता दहाच्या थोडं वर. पोफळीपासून घाटमाथ्यापर्यंत बहुतेक तिसरा चालतो, आवळत्या वळणांना दुसरा. रेडिएटरचं पाणी उकळलेलं नाही. टर्बोसाठी एक सवय आबांना लावली: वर पोचल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, दोन मिनिटं आयडलवर सोडायची. लाल झालेल्या टर्बोचं ऑइल एकदम बंद पडलं की ते आत जळून चिकटतं. आबांनी यावर तोडगा काढला. इंजिन चालू ठेवून ते सुपारी कातरतात, सुपारी तोंडात गेली की चावी बंद.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही. भरलेल्या गाडीने चढावर पहिल्यातून उठताना मागच्या बाजूला एक कट् असा आवाज येतो. क्राउन-पिनियनचा ढिलेपणा असावा. जुना गिअरबॉक्स आणि जुना ॲक्सल टर्बो नसलेल्या इंजिनासाठी बांधलेले आहेत, खालच्या गिअरमध्ये वाढलेला जोर त्यांच्यावर पडणारच. पहिल्यात रेस दाबून धरायची नाही असं सांगून ठेवलंय. आबा पाळतात. पोरगा चालवत असला की मला शंका येते. पावसाळ्यात धंदा मंदावला की ॲक्सल खोलायचा आहे.

नवीन इंजिन नंबर चढलेलं आरसी मागच्या महिन्यात हातात आलं. आबा ते दाखवायला मुद्दाम गॅरेजवर आले. मी नंबर गाडीवरच्या नंबराशी आकड्याला आकडा लावून वाचला, मग केबिनमध्ये डोकावलो. ट्यूबची पट्टी गिअरच्या दांडीला अजून होतीच.

"आता कशाला ठेवलीय?" मी विचारलं.

"पावत्या अडकवाय," आबा म्हणाले. चिपळूणच्या सहा-सात पावत्या तिच्यात खोवलेल्या होत्या.